सोयाबीनला अंधार लागतो

मंडळी, हल्ली कुणाच्याही फ्लॅटवर गेलं की हॉलच्या एका कोपऱ्यात जांभळा उजेड दिसतो. आधी वाटतं की लेडीज बार उघडला की काय :) मग यजमान अभिमानाने सांगतात, "ग्रो लाइट आहे. मनीप्लांटला लावलाय." झाडांना दिवा लावायची ही हौस आपल्या पिढीला वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत लागली असं आपण समजतो. पण तिला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि माझ्यासारख्या वाशीमच्या पोराला त्यातली सगळ्यात मजेची गोष्ट अशी की या इतिहासाच्या ऐन मध्यावर जे झाड उभं आहे ते ना गुलाब, ना ऑर्किड. ते आहे सोयाबीन. होय, तेच! आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात कुठल्याही रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर जे दिसतं तेच.

आजचा लेख जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात करू या १८८० पासून. सीमेन्स हे नाव आपल्याला ठाऊक आहे ते कंपनी म्हणून. त्या घराण्यातला एक भाऊ, विल्यम सीमेन्स, इंग्लंडमध्ये स्थायिक झाला होता. टनब्रिज वेल्सजवळ त्याचं शेरवूड नावाचं घर होतं, घराला काचेची हरितगृहं होती. विजेचा बल्ब अजून घरोघरी पोचायचा होता. तेव्हा मोठ्या उजेडासाठी आर्क दिवा असायचा, म्हणजे कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत. सीमेन्सने असा दिवा रात्री झाडांवर लावला आणि मोहरी, गाजर, काकडी, घेवडा यांची वाढ मोजली. दिवसा ऊन आणि रात्री दिवा मिळालेली झाडं सगळ्यात पुढे गेली. मार्च १८८० मध्ये त्याने हे सगळं रॉयल सोसायटीसमोर मांडलं आणि या उद्योगाला नावही दिलं, इलेक्ट्रो-हॉर्टिकल्चर.

त्याचे दोन शोध आजही कामाचे आहेत. एक, उघडा आर्क दिवा झाडाजवळ ठेवला तर पानं करपतात, मध्ये काच ठेवली तर वाचतात. (कारण अतिनील किरण. काच त्यातले बरेचसे अडवते.) दुसरा शोध मला इंजिनियर म्हणून जास्त आवडतो. दिव्यासाठी वाफेच्या इंजिनावर चालणारा डायनॅमो लागायचा. नुसता रात्री चालवला तर परवडणार नाही, म्हणून सीमेन्सने तोच डायनॅमो दिवसा पाणी उपसायला, कडबा कापायला आणि लाकूड चिरायला लावला. उरलेल्या वाफेवर हरितगृह गरम ठेवलं. दिवसा पंप आणि रात्री दिवा. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दहा वर्षांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली या प्राध्यापकाने हेच प्रयोग जास्त शिस्तीत केले. १८९१ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. लेट्यूस रात्रीच्या दिव्याने लवकर तयार झालं. पालकाचं मात्र विचित्रच झालं, पानं धरायची सोडून तो फुलावर आणि बियांवर गेला. बेलीने हे नोंदवलं, पण असं का होतं ते त्याला उलगडलं नाही. त्या काळी सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशोब होता की उजेड म्हणजे झाडाचं अन्न, जास्त उजेड म्हणजे जास्त अन्न. पालकाचं वागणं त्या हिशोबात बसत नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये एरर आली होती, पण सिस्टीम चालू होती म्हणून कुणी तिकीट उघडलं नाही!

ते तिकीट उघडलं अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या दोन माणसांनी. वाइटमन गार्नर आणि हॅरी अॅलार्ड. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला खात्याचं प्रयोगक्षेत्र होतं (त्याच जमिनीवर पुढे पेंटागॉन उभं राहिलं). त्यांच्यापुढे दोन कोडी होती.

पहिलं कोडं तंबाखूचं. मेरिलँड मॅमथ नावाचा एक वाण दहा-पंधरा फूट उंच जायचा, पानंच पानं, पण थंडी पडेपर्यंत फूल म्हणून येत नसे. मात्र हिवाळ्यात हरितगृहात लावला की छोटंसं रोपही मुकाट्याने फुलायचं.

दुसरं कोडं सोयाबीनचं. बिलोक्सी नावाचा वाण त्यांनी काही दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरला. अपेक्षा ही की जो आधी पेरला तो आधी फुलेल. पण सगळेच्या सगळे टप्पे सप्टेंबरच्या आसपास बरोबरच फुलायला लागले. लवकर पेरलेलं झाड महिनोन्‌महिने नुसतं वाढत राहिलं, उशिरा पेरलेलं घाईघाईने फुललं. कॅलेंडर बघितल्यासारखं.

कुठलाही शेतकरी म्हणेल, त्यात काय एवढं? आमच्याकडची जुनी तूर अशीच वागते. पेरणी पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी ती फुलायची ती आपल्या ठरल्या वेळीच. पण "असं असतं" हे माहीत असणं वेगळं आणि "का असतं" ते सिद्ध करणं वेगळं. गार्नर आणि अॅलार्डने तापमान बदलून पाहिलं, पाणी बदललं, खत बदललं, उजेडाची तीव्रता बदलली. फरक पडेना. मग राहता राहिली दिवसाची लांबी. ही कल्पना त्यांना स्वतःलाच जरा वेडगळ वाटण्यासारखी होती, कारण झाडाला घड्याळ कुठून कळणार?

१० जुलै १९१८. त्यांनी कुत्र्याच्या घरासारखी दिसणारी एक अंधारी लाकडी खोली केली, आत हवा खेळेल पण उजेड येणार नाही अशी. तंबाखूच्या काही कुंड्या आणि सोयाबीनची एक पेटी दुपारी ४ वाजता आत ठेवायची आणि सकाळी ९ ला बाहेर काढायची, बस्स. म्हणजे ऐन उन्हाळ्यात झाडाला फक्त ७ तासांचा दिवस. बाहेर उभी असलेली तंबाखूची झाडं नुसती वाढत राहिली, आतली फुलली. नंतर हिवाळ्यात त्यांनी उलटं करून पाहिलं. हरितगृहात संध्याकाळी साधे बल्ब लावून दिवस लांबवला, तर तंबाखू फुलायचा थांबला. आणि हा उजेड इतका मंद होता की त्यावर झाडाचं पोट भरणं शक्यच नव्हतं. म्हणजे उजेड इथे अन्न नव्हता, निरोप होता.

१९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि त्याला फोटोपिरिऑडिझम असं नाव दिलं. बेलीचा पालक का बिघडला ते तीस वर्षांनी कळलं. पालक लांब दिवसाला फुलतो, सोयाबीन लहान दिवसाला.

(जाता जाता, ज्यूलियन टूर्नवा नावाच्या एका फ्रेंच तरुणाला हेच भांगेच्या आणि हॉप्सच्या झाडांवर १९१२ च्या सुमारास बरंचसं उमगलं होतं. तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. विज्ञानाच्या इतिहासात अशी अर्धवट राहिलेली पानं फार.)

पुढचा ट्विस्ट १९३८ चा. हॅमनर आणि बॉनर या दोघांनी कॉकलबर नावाच्या तणावर (काटेरी फळं कपड्यांना चिकटतात ते) प्रयोग केले आणि दाखवून दिलं की झाड दिवस मोजतच नाही, ते मोजतं रात्र! लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला की झाडाच्या हिशोबी रात्र मोडली, दोन छोट्या रात्री झाल्या. फूल रद्द. उलट दिवसा मध्येच अंधार केला तर त्याला काही फरक पडत नाही.

मग प्रश्न असा की रात्र मोडायला कुठला रंग लागतो? इथे परत आपलं सोयाबीन. अमेरिकेतच बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिझमने उजेड फोडून बिलोक्सी सोयाबीनच्या पानांवर वेगवेगळे रंग टाकले. १९४६ मध्ये उत्तर छापलं, सगळ्यात प्रभावी लाल. पुढे १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर कळलं की लाल उजेडाने (साधारण ६६० नॅनोमीटर) चालू झालेलं बटण त्यापलीकडच्या गडद लालने (७३० नॅनोमीटर) बंद होतं. पुन्हा लाल दिला की पुन्हा चालू. शेवटचा जो रंग दिला तो खरा. म्हणजे चक्क फ्लिप-फ्लॉप! झाडातलं हे बटण म्हणजे एक रंगद्रव्य. १९५९ मध्ये ते उपकरणाने पकडलं गेलं आणि त्याला फायटोक्रोम हे नाव मिळालं.

*

आता ही गोष्ट वाशीमला आणतो.

सोयाबीन काही आपलं जुनं पीक नव्हे. आमच्या आजोबांच्या वेळी शेतात ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद असायचे. सोयाबीनने भारतात मूळ धरलं ते साठच्या दशकात, जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने काम सुरू केलं तेव्हा. आणि पहिली अडचण आली ती गार्नर-अॅलार्डवालीच. इलिनॉय ४० अक्षांशावर, जबलपूर २३ वर, वाशीम २० वर. वॉशिंग्टनला जूनमधला मोठा दिवस जवळजवळ १५ तासांचा. आमच्या वाशीमला तो जेमतेम १३ तास २० मिनिटांचा, आणि डिसेंबरमधला छोटा दिवस ११ तासांना थोडा कमी. म्हणजे वर्षभरात दिवसाची लांबी हलते ती सुमारे अडीच तास. उत्तर अमेरिकेतलं सोयाबीन इकडे पेरलं तर त्याला पहिल्या दिवसापासून वाटतं की रात्री लांब आहेत, हंगाम संपत आला. ते वीतभर उंचीवरच फुलतं आणि चार शेंगा धरून मोकळं होतं. त्यामुळे दक्षिणेकडच्या राज्यांतले वाण आणून, त्यांचे संकर करून आपल्या रात्रींना जुळणारे वाण काढावे लागले. जबलपूरहून १९९४ मध्ये आलेला जेएस ३३५ हा त्यातला सगळ्यात गाजलेला. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरलं त्यात या वाणाचा मोठा वाटा आहे. ब्राझीलनेही हाच प्रश्न सोडवला. विषुववृत्ताजवळच्या छोट्या दिवसांतही उशिरा फुलणारे वाण त्यांनी शोधले आणि आज सोयाबीन उत्पादनात तो देश जगात पहिला आहे.

म्हणजे आमच्या जिल्ह्याचं पोट ज्या पिकावर आहे, ते पीक रात्रीची लांबी मोजून चालतं. हे वाक्य मी पुस्तकात वाचलं असतं तर "इंटरेस्टिंग" म्हणून पुढे गेलो असतो. पण मला ते शेतात दिसलं.

आमच्या गावात बसथांब्याजवळ काही वर्षांपूर्वी हायमास्ट दिवा लागला. थांब्याला लागूनच काकांचं वावर. दिवा आला त्याच वर्षी सोंगणीच्या वेळी एक गंमत झाली (काकांसाठी गंमत नव्हती). सगळं सोयाबीन पिवळं पडून पानं गळाली, शेंगा खडखड वाजायला लागल्या, आणि थांब्याकडच्या बाजूची काही तासं हिरवीगार उभी. (तासं म्हणजे पिकाच्या ओळी, घड्याळातले तास नव्हेत. या लेखात दोन्ही आहेत म्हणून आधीच सांगून ठेवतो!)

हिरवं राहिलं तर काय बिघडलं, असं शहरात वाटेल. बिघडतं असं. सोंगणीचा सौदा एकरावर होतो, मजूर एकदाच येतात. हिरव्या ओळी ठेवल्या तर त्या थोड्या सोंगायला परत कुणी येत नाही. बाकीच्यासोबत सोंगल्या तर ओली झाडं सुडीत जातात, सुडी आतून गरम होते, दाण्याला बुरशी लागते. मळणीत हिरवे, चपटे दाणे चांगल्या मालात मिसळतात आणि बाजार समितीत ओलावा नि डागी माल दाखवून क्विंटलमागे भाव पाडला जातो. हमीभाव कागदावर काहीही असो, दाण्याकडे बघून बोली लागते. थोड्या ओळींपायी पूर्ण ढिगाचा भाव जातो.

काकांचा संशय बियाण्यावर होता. दुकानदाराने भेसळीचं दिलं म्हणून ते त्याच्याशी भांडूनही आले होते. मी दिवाळीला गेलो तेव्हा तेच रामायण चालू होतं. मी म्हटलं, "काका, हिरवं कुठवर होतं ते पावलांनी दाखवा बरं." आम्ही दोघं धसकटांतून फिरलो. खांबापासून सगळ्या बाजूंनी पंचवीस-तीस पावलं. नीट अर्धवर्तुळ. भेसळीचं बियाणं काही कंपासने वर्तुळ काढून उगवत नाही.

मी त्यांना कुत्र्याच्या घराची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हंजे त्याले रातभर झोपूच नाही देल्लं ना बाप्पा." इतका सोपा सारांश मला आजवर कुठल्या रिसर्च पेपरमध्ये सापडला नाही.

आणि हे फक्त आमच्या गावापुरतं नाही. २०१७ मध्ये इलिनॉय राज्याच्या वाहतूक खात्यासाठी रस्त्यावरच्या दिव्यांचा सोयाबीनवर काय परिणाम होतो याचा रीतसर अभ्यास झाला, आणि दिव्याजवळचं पीक उशिरा पक्व होतं हेच त्यात निघालं. आता वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय, गावोगावी एलईडीचे खांब आलेत. जिथे नवीन दिवा आणि सोयाबीन एकमेकांना भेटतात तिथे हे होणारच.

मग दिवा बंद करायचा का? इथे खरा पेच. काकांनी ग्रामपंचायतीत विषय काढला की पीक उभं असताना रात्री दिवा बंद ठेवा. त्यावर बचत गटाच्या बाया उठल्या. उशिराच्या एसटीने शिकवणीहून पोरी येतात, त्या थांब्यावर दिवा लागल्यापासून त्यांच्या आया निर्धास्त झाल्यात. दिवा बंद करायचा नाही म्हणजे नाही. खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटत होत्या. २००५ ते २०१२ च्या दरम्यान भारनियमनात दिवसाचे दहा-बारा तास अंधारात काढलेल्या गावाला "दिवा बंद करा" हे ऐकवणार कोण?

तोडगा साधाच निघाला. शेताकडच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावला आणि त्या बाजूचा फोकस खाली थांब्याकडे झुकवला. उजेड रस्त्यावर, अंधार वावरात. यंदा हिरवी राहिली ती चार-पाच तासं, तीही बांधालगतची. काका म्हणतात तेवढी बैलांना टाकली. दिव्याचा प्रश्न बहुतेक वेळा दिवा हवा की नको असा नसतोच. तो कुठे पडतो आणि किती वेळ, असा असतो.

*

आता परत तुमच्या हॉलमधल्या जांभळ्या दिव्याकडे.

तो जांभळा का? पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, म्हणून फक्त लाल-निळ्या एलईडी बसवल्या की वीज वाचते, असा तो विचार. लाल एलईडी १९६२ पासून होती. नव्वदच्या सुरुवातीला नासाच्या मदतीने विस्कॉन्सिनमध्ये लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवून पाहिलं गेलं. अंतराळात जड नि तापणारे दिवे नेणं शक्य नव्हतं म्हणून ही खटपट. भरपूर उजेड देणारी निळी एलईडी जपानमध्ये १९९३ च्या सुमारास आली (२०१४ चं भौतिकीचं नोबेल तिलाच), आणि मग लाल-निळ्याची जोडी पूर्ण झाली. १० ऑगस्ट २०१५ रोजी अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांनी अशाच दिव्यांखाली वाढलेलं लेट्यूस खाल्लं.

पण मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ मध्येच दाखवून दिलं होतं की हिरवा उजेडही पान बऱ्यापैकी वापरतं. त्यामुळे घरासाठी साधी पांढरी एलईडी उत्तम चालते. तिच्यात निळा, हिरवा, लाल सगळं असतं, डोळ्यांना त्रास नाही, आणि मुख्य म्हणजे पानावर डाग पडला तर दिसतो. जांभळ्यात सगळी झाडं सारखीच काळीनिळी दिसतात. आणि पांढरी एलईडी स्वस्त. सरकारी खरेदीतल्या एलईडी बल्बची किंमत २०१४ मधल्या सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत चाळिशीच्या आसपास आली. २०१५ च्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. सीमेन्सला वाफेचं इंजिन लागलं होतं, तुम्हाला कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान पुरतं.

मांडणी करायची असेल तर थोडक्यात सांगतो.

आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. भर दुपारचं ऊन असतं साधारण १ लाख लक्स. दिवसा आपल्या हॉलच्या आतल्या भागात असतात २०० ते ५०० लक्स. डोळा जुळवून घेतो म्हणून आपल्याला "भरपूर उजेड" वाटतो. झाड बिचारं उपाशी. फोनवर लक्स मोजायचं फुकट अॅप मिळतं, अंदाजाला पुरतं. पांढऱ्या एलईडीच्या लक्सला ७० ने भागलं की झाडाच्या मापात (मायक्रोमोल) अंदाजे आकडा येतो.

अंतर फार महत्त्वाचं. छताची ट्यूब झाडाच्या काही कामाची नाही. चार फुटी २० वॅटच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी, पानांपासून वीतभर उंचीवर, मागे पांढरा पुठ्ठा. एवढ्यात कुंडीतली शोभेची झाडं खूश राहतात, मेथी-कोथिंबीर जेमतेम येते. टोमॅटो-मिरचीचं स्वप्न मात्र एवढ्यावर बघू नका. त्यांना गॅलरीतलं ऊनच द्या.

वेळ टायमरवर टाका. रोज १२ तास. पालेभाजीला १६-१८ तास दिले तर बेलीच्या पालकासारखी फुलावर जाण्याची भीती. दोन पट्ट्यांना १२ तासांचे रोज अर्ध्या युनिटहून थोडं कमी, महिन्याला १४-१५ युनिट. म्हणजे शे-दीडशे रुपये. मंडईतली कोथिंबिरीची जुडी यापेक्षा स्वस्त पडते हे आधीच कबूल करून टाका, मग घरच्यांशी वाद होत नाही :)

आणि रात्र द्या. शेवंती, पॉइनसेटिया यांना फुलं हवी असतील तर लांब, सलग रात्र हवी. पॉलिहाऊसवाले हीच युक्ती पैसे कमवायला वापरतात. शेवंतीवर रात्री मधेच दिवे लावून फुलं थोपवतात, दांडा उंच झाला की काळं कापड टाकून रात्र लांबवतात आणि सणाच्या तारखेला फूल बाजारात आणतात. तुमच्या हॉलमध्ये मॅच संपेपर्यंत ट्यूब चालू असेल तर शेवंती का फुलत नाही म्हणून खताला दोष देऊ नका.

मी स्वतः गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या फ्लॅटवर काकांकडचं घरचं सोयाबीन दोन कुंड्यांत लावलं. एकीला ११ तास उजेड आणि बाकी वेळ वॉशिंग मशीनच्या रिकाम्या खोक्याखाली अंधार, दुसरीला १८ तास उजेड. पहिली पाच आठवड्यांत फुलली, जांभळट इवली फुलं. दुसरी दोन महिन्यांनंतरही वेलासारखी नुसती लांबत होती. शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जसाच्या तसा चालतो, हे बघण्यात जी मजा आहे ती व्हिडिओ बघून येणार नाही.

*

शेवटचा मुद्दा. सीमेन्सचं ते वाक्य आठवतंय? दिवसा पंप, रात्री दिवा.

आमच्याकडे शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षं पाळीने आली. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रब्बीच्या हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला शेतकरी डिसेंबरच्या थंडीत रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन वावरात जातो. खाली साप, समोर रानडुक्कर. झाड झोपलेलं असताना माणूस जागा. इकडे माझी मेथी टायमरवर ठरल्या वेळी जागी होते आणि ठरल्या वेळी झोपते. याची मला लाज वाटते असं मी म्हणणार नाही, शे-दीडशे रुपयांच्या विजेने कुणाचा पंप बंद पडत नाही. पण फरक डोळ्यांत भरतो हे खरं. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा काढला. ज्या गावांत ती पोचली तिथे माणसं रात्री घरी झोपतात. या सगळ्या हिशोबात मला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

आणि ग्रो लाइटचं ऋण सोयाबीनला फेडायची एक वाटही निघाली आहे. नवीन वाण काढायला दहा-बारा वर्षं लागतात, कारण शेतात वर्षाला एखाद-दोन पिढ्या निघतात. २०२० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी एलईडीखाली १० तासांचा दिवस देऊन सोयाबीनच्या वर्षाला पाच पिढ्यांपर्यंत जाता येतं असं दाखवलं. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटने हरभरा-तुरीसारख्या पिकांच्या पिढ्या भराभर काढण्यासाठी रॅपिडजेन नावाची सोय उभी केली आहे. सोंगणीच्या वेळच्या पावसाला, पिवळ्या मोझॅकला टिकणारा वाण काकांच्या हाती पाच वर्षं आधी आला तर त्याचं मोल किती, हे त्यांना विचारा. ते तंबाखू मळतील, हिशोब करतील आणि आधी भावाचं बोलतील.

असो. तोवर तुम्ही एक करा. झाडाला दिवा लावलात तर टायमरही घ्या, दोनशे-तीनशे रुपयांत येतो. उजेड विकत मिळतो, पण अंधार आपल्याला आठवणीने द्यावा लागतो.

भेटू पुढच्या शनिवारी.